जुनी डिझेल पिकअप मिसिंग मारते? पंप उतरवण्याआधी हे बघा

जुनी पिकअप घेतली त्या पहिल्याच पावसाळ्यात नारायणगावहून टोमॅटोचे कॅरेट भरून कल्याणला गेलो. जाताना माळशेज उतरायचा असतो, त्यामुळे काहीच जाणवलं नाही. परतीला रिकामी गाडी घाट चढेना. दुसऱ्या गिअरला धापा टाकायची, मध्येच झटका द्यायची (यालाच मिसिंग म्हणतात) आणि एका वळणावर बंदच पडली. धबधब्याखाली भिजायला आलेल्या पोरांनी ढकलून बाजूला लावायला मदत केली.

गावातल्या गॅरेजवाल्यानं नुसता आवाज ऐकून सांगितलं, "पंप गेला." पंप (नोझलना दाबानं डिझेल पाठवणारा) उतरला, कॅलिब्रेशन म्हणजे त्याचं सेटिंग झालं, चार नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) नवे पडले, अठरा हजारांचं बिल झालं आणि गाडी होती तशीच. शेवटी मार्केट यार्डात एका टेम्पोवाल्या काकांनी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी लावली, गाडी चालू केली आणि म्हणाले, "बघ, सोडा वॉटर चाललंय." डिझेलबरोबर बुडबुडे पळत होते. टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपखाली तडकला होता. पाइप आणि दोन क्लिपा, मिळून नव्वद रुपये.

तेव्हापासून एक क्रम पाळतो. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी बघायचं, पंप-नोझल सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फिल्टर, पाइप आणि नोझल एकाच दिवशी बदलले आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते कधीच कळत नाही.

आधी गाडीची जात ओळखा

इथे लिहिलंय ते जुन्या चार सिलिंडरच्या, साध्या म्हणजे मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाड्यांसाठी. जुन्या बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि त्यांच्या पिढीतल्या इतर गाड्या. बोनेट उघडा आणि नोझलच्या डोक्याकडे बघा. प्रत्येक नोझलवर वायरचं कनेक्टर बसलेलं असेल आणि सगळे लोखंडी पाइप एका जाड आडव्या नळीतून निघत असतील, तर ती कॉमन रेल. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हा गाड्यांच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला. त्यानंतरची गाडी असेल तर बहुधा हेच दिसेल, पण त्याआधीच्याही काही गाड्यांत असतं. त्या नळीत हजार बारच्या पुढे दाब असतो. तिथे नट सैल करून बघण्याचा प्रयोग अजिबात करायचा नाही. ती गाडी सरळ स्कॅनरवाल्याकडे, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर तपासणाऱ्याकडे न्या.

पंपापासून चार लोखंडी पाइप सुटे निघून चार नोझलना जात असतील, तर पुढे वाचा.

तक्रार नीट मांडा

"गाडी नीट चालत नाही" एवढ्यावरून काही निघत नाही. दोन दिवस गाडी चालवा आणि वहीत लिहा. सकाळी थंड असताना थरथरते की गरम झाल्यावर? उभी असताना स्लोला, की लोडवर चढ चढताना? झटका ठरावीक तालात येतो की कधीही? धूर कुठल्या रंगाचा?

ताल महत्त्वाचा. उभ्या गाडीत सायलेन्सरच्या तोंडाशी कान द्या. धडधाकट इंजिनाचा ठोका एकसारखा पडतो. एक सिलिंडर गप्प असेल तर तीन ठोके आणि एक खड्डा, तीन ठोके आणि एक खड्डा, असं ऐकू येतं. भजनात एकाचा टाळ चुकावा तसं. हे सतत होत असेल तर दोष एका सिलिंडरचा. पण गाडी मध्येच छान चालते, मध्येच गुदमरते आणि ताल असा काही नाही, तर दोष चारही सिलिंडरच्या सामाईक वाटेवर असतो: टाकी, पाइप, फिल्टर, हवा. एवढं ऐकून कळलं तरी निम्मं काम झालं.

धुराचं थोडक्यात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल; सकाळी दोन-चार मिनिटं येऊन जात असेल तर एखादा सिलिंडर थंडीत उशिरा पेटतोय. हीटर प्लग (थंड सिलिंडर गरम करणारे) असलेली गाडी असेल तर ते तपासा. पांढरा धूर जातच नाही आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगचा संशय घ्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

इंजिनाची चूक नसताना

उभ्या गाडीत रेस देऊन बघा. इंजिनाचा ठोका एकसारखा आहे, पण केबिन, आरसे, गिअरचा दांडा सगळं थडथडतंय? मग इंजिनाखालचे माउंटिंग रबर बघा. बसलेलं किंवा फाटलेलं रबर इंजिनाचा साधा हादरा थेट चासीला देतं. डिझेल-ऑइल सांडून ही रबरं फुगतात.

उभी असताना काहीच नाही आणि ठरावीक स्पीडलाच गाडी थरथरते, तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे आणि मधलं बेअरिंग हलवून बघा. यात इंजिनाला हात लावायची गरजच नाही.

एक वायरही तपासा. या जुन्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची फारशी गरज नसते, पण पंपावर डिझेल बंद-चालू करणारा सोलेनॉइड असेल तर त्याची वायर घट्ट हवी. खड्ड्यात गाडी आपटली की क्षणभर मरते आणि पुन्हा पकडते, असं होत असेल तर ही वायर हातानं हलवून बघा.

फिल्टर, टाकी आणि पाणी

एअर फिल्टर बाहेर काढा. कागदी असेल तर उन्हाकडे धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला. उसाच्या आणि कांद्याच्या शिवारातून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. फिल्टरशिवाय गाडी चालवून बघायचा मोह टाळा, धूळ पिस्टनच्या रिंगा खाते. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा) असेल तर टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी होस खालच्या बाजूनंही चाचपा. होस फाटला की रेस दिल्यावर फुस्स आवाज येतो, काळा धूर येतो आणि ओढ जाते.

आता टाकी. अर्धा तास चाललं की गाडी गुदमरते, दहा मिनिटं थांबलं की पुन्हा नीट, असं होत असेल तर गुदमरल्या क्षणी टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. तो आवाज आला नाही, तर टाकीतल्या जाळीवर कचरा बसतोय. चालताना तो ओढला जाऊन जाळीला चिकटतो, थांबलं की खाली बसतो. जुन्या गाडीची टाकी एकदा उतरवून धुतलेली बरी. माझ्या टाकीतून गंजाचा चिखल आणि बाटलीचं एक प्लास्टिक बूच निघालं.

डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी सोडायचा स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरा, पेलाभर डिझेल सोडा आणि तासभर बाटली हलवू नका. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो. पावसाळ्यात आणि निम्म्या रिकाम्या टाकीनं रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हमखास सापडतं. फिल्टर कधी बदलला ते आठवत नसेल तर तो बदला. त्यात पैसे वाया गेले असं होत नाही.

डिझेलमध्ये हवा

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण नवीन माणूस इथेच फसतो आणि गॅरेजवालाही इथेच पंपाचं नाव घेतो.

टाकी खाली, इंजिन वर. फीड पंप, म्हणजे मुख्य डिझेल पंपाला डिझेल पुरवणारा छोटा पंप, टाकीतून डिझेल ओढून घेतो, म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. त्या वाटेवर बारीक चीर पडली तर चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. त्यामुळे सगळं कोरडं दिसतं आणि माणूस म्हणतो, लिकेज कुठेच नाही. लक्षणं अशी: रात्रभर उभी राहिली की सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, कारण पाइपातलं डिझेल टाकीत परत गेलेलं असतं. चालू झाल्यावर आवाज वरखाली होतो. चढावर झटके. टाकी भरलेली असताना त्रास कमी, तळाला आली की जास्त.

तपासायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पारदर्शक नळी घ्या, पाइपाच्या मापाची, वीतभर. फिल्टर आणि पंपाच्या मधल्या रबरी पाइपाच्या जागी ती क्लिपा लावून बसवा. गाडी बंद ठेवूनच. मग हवा काढा: फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीडिंग स्क्रू दोन आटे सैल करा आणि हातपंप मारत राहा. तो कुठे फीड पंपावर असतो, कुठे फिल्टरच्या टोपीवर. आधी फेस येईल, मग थुंकल्यासारखं डिझेल, मग सलग धार. धार सलग झाली की हातपंप दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळा. हात आधी सोडला तर हवा परत जाते. डिझेल पंपावरही असा स्क्रू असेल तर तिथेही हेच करा.

आता गाडी चालू करून नळीकडे बघा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा जाईल, त्याचं काही नाही. पाच मिनिटांनंतरही मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे येत असतील तर हवा शिरते आहे. हलकी रेस द्या, माळ दाट होते का बघा.

कुठून शिरते हे शोधायला पाच लिटरचा स्वच्छ कॅन डिझेलनं भरा, बोनेटजवळ उंचावर पण पंखा आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांब बांधा आणि त्यातून एक पाइप थेट फीड पंपाला द्या. बुडबुडे थांबले आणि इंजिन शांत झालं, तर दोष टाकी ते फीड पंप या वाटेवर. तरीही येत असतील तर फीड पंप, फिल्टरचं रबर किंवा बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर. फिल्टर बदलताना जुनं रबर डोक्याला चिकटून राहतं आणि त्यावरच नवं बसवलं जातं, हे मी तीनदा पाहिलंय. दोन रबरं कधीच नीट बसत नाहीत.

रबरी पाइप बदलताना डिझेलसाठीचाच घ्या. पाण्याचा पाइप डिझेलनं फुगतो. पारदर्शक नळीसुद्धा तपासणीपुरतीच. डिझेल आणि उष्णतेनं ती कडक होऊन तडकते. काम झालं की काढा.

कोणता सिलिंडर गप्प आहे

वरचं सगळं ठीक आहे आणि तरी तीन ठोके-एक खड्डा चालूच आहे? आता पाना घ्या. बहुतेक गाड्यांत नोझलच्या पाइपाचा नट १७ च्या पान्याचा असतो, काहींत १९ चा.

आधी तयारी. गाडी सपाटीला, हँडब्रेक, चाकाखाली उटी (दगड किंवा ठोकळा), न्यूट्रल. गळ्यात उपरणं किंवा गमछा नको, पंखा फिरत असतो. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. पाइप गळतोय का हे बोटानं कधीच चाचपू नका. नोझल दोनशे बारच्या आसपास किंवा वर उघडतो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेरून सुई टोचल्याएवढं दिसतं आणि हात गमवायची पाळी येते. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. गळती बघायला पुठ्ठा धरायचा.

इंजिन गरम करून स्लोवर ठेवा. मी रेडिएटरकडून एक, दोन, तीन, चार असं मोजतो. पहिल्या नोझलच्या नटावर फडकं टाका आणि नट हळूच सैल करा, डिझेल पाझरू लागेपर्यंतच. आता त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही. कान द्या. इंजिन एकदम खाली बसलं, जास्त थडथडलं, तर तो सिलिंडर कामाचा होता. नट आवळा, इंजिन सावरू द्या, पुढच्याकडे जा. एका नटाला असं होईल की सैल केला, डिझेल पाझरलं, पण आवाजात काही फरकच पडला नाही. तो तुमचा गप्प सिलिंडर. आधीच काम करत नव्हता, मग बंद केल्यानं बिघडणार काय?

हे करताना आणखी दोन गोष्टी कळतात. एखाद्या नटातून बाकीच्यांच्या मानानं अगदीच मंद डिझेल येत असेल तर संशय पंपावर. आणि इंजिनात ठोकल्यासारखा आवाज असेल व एक नट सैल केल्यावर तो थांबत असेल, तर त्या सिलिंडरचा नोझल बहुधा फवारा मारण्याऐवजी धार सोडतोय.

सांडलेलं डिझेल लगेच पुसा, विशेषतः सायलेन्सरच्या बाजूचं. नट सैल ठेवून "तीनवर" घरी गाडी नेणारे मी पाहिलेत. गरम मॅनिफोल्डवर डिझेल उडतं, गाडी पेटते. तसं करू नका.

नोझल की कॉम्प्रेशन

समजा तीन नंबर गप्प आहे. इंजिन थंड होऊ द्या. तीनचा नोझल काढून दोनला लावा, दोनचा तीनला. पाइप सुटले की त्यांच्या तोंडाला आणि नोझलच्या भोकाला स्वच्छ प्लास्टिक लावा. वाळूचा एक कण नोझल खराब करतो. नोझलखालचा तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा, आणि जुना वॉशर आत अडकून राहिला नाही ना, हे टॉर्चनं बघा. एकावर एक दोन वॉशर बसले तर नोझलचं टोक वर उचललं जातं आणि नव्या नोझलनंही गाडी धूर मारते.

पुन्हा तीच नट सैल करायची चाचणी. आता दोन गप्प असेल, तर दोष नोझलबरोबर सरकला: नोझल टेस्टरवर द्या, टिप बदला. तीनच गप्प राहिला, तर नोझल निर्दोष. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब), व्हॉल्व्ह किंवा पंपाचा तो एक भाग.

कॉम्प्रेशनचा घरगुती अंदाज: चालू गाडीत ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. थोडं थरथरणं चालतं. झाकण उडत असेल आणि तिथून धूर फुंकला जात असेल, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरचा दाब खाली गळतोय, रिंगा किंवा पिस्टन गेलेत. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच काढा, मग गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. नक्की आकडा हवा असेल तर डिझेलचाच गेज लागतो, पेट्रोलच्या गेजवर हा दाब मावत नाही. धडधाकट डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३० बार दिसतो. चारही थोडे कमी असतील तर गाडी म्हातारी झालीय, चालेल. तीन २६ वर आणि एक १७ वर, तर तोच आजारी.

पण हेड उघडण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट, तपासून घ्या. टिकटिक करणारा टॅपेट वाजतो म्हणून कळतो तरी. जास्त घट्ट टॅपेट गप्प बसतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्ह जळतो. या इंजिनांचे सिलिंडर पेटण्याचा क्रम सहसा १-३-४-२ असतो, म्हणून एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या. चारचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असताना (एक बंद होतोय, दुसरा उघडतोय) एकचे टॅपेट बघायचे, दोनचे हलताना तीनचे, आणि उलट. फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्टीचं) माप आणि ते थंड इंजिनात घ्यायचं की गरम, हे त्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्या. दुसऱ्या गाडीचं माप चालत नाही.

पंपाकडे

एवढं सगळं करूनही दोष हलला नाही, तर आता पंपाचं नाव घ्यायला हरकत नाही. पंपावरच्या पाटीचा फोटो काढा. जुन्या पंपावर 'मायको' दिसेल. १९५१ साली सुरू झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी ती. २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे, पण पंपवाले अजून मायकोच म्हणतात. पाटीवरच्या नंबरावरूनच दुकानात सेटिंगचा तक्ता निघतो. उतरवण्याआधी पंप आणि इंजिनावरच्या टायमिंगच्या खुणा रंगानं ठळक करा, म्हणजे परत बसवताना वाद नको.

पंपावर सील केलेला एक स्क्रू असतो. "हा अर्धा फेरा दे, पिकअप वाढेल," असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. वाढतो तो काळा धूर आणि इंजिनाची उष्णता. सील तुटलेला दिसला तर पंपवाल्याला तेवढं आवर्जून सांगा, आणि सांगताना वहीच समोर ठेवा: "तीन नंबर गप्प, नोझल अदलाबदल केला, कॉम्प्रेशन चारही सारखं, पाइपात हवा नाही." अशा गिऱ्हाईकाला चार नवे नोझल सहसा कुणी लावत नाही.

काम झाल्यावर दोन दिवसांनी, इंजिन थंड असताना, सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळा. नवं रबर बसतं आणि त्या सैल होतात. आणि १७ चा पाना, दोन जादा क्लिपा, हातभर डिझेल पाइप, चार तांब्याचे वॉशर आणि ती पारदर्शक नळी सीटखाली ठेवून द्या.